हे कशावरून? इतिहासाच्या नव्या पुस्तकांबद्दल एका शिक्षिकेचं मत

अनिरुद्ध कनिसेट्टी यांचं 'लॉर्ड्स ऑफ द डेक्कन' मराठवाड्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेच्या कपाटात असायला हवं, असं माझं ठाम मत आहे. मी लातूरला इतिहास शिकवते, त्यामुळे हे मत जरा जास्तच जोरात मांडते आहे. या पुस्तकाचा मोठा भाग राष्ट्रकूटांचा आहे. हे राजे स्वतःला 'लत्तलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत, म्हणजे लत्तलूर नावाच्या श्रेष्ठ नगराचे धनी. ते लत्तलूर म्हणजे आमचं लातूर, असं अभ्यासक मानतात. आणि त्याच लातुरातल्या मुलांना हे घराणं माहीत असतं ते पाठ्यपुस्तकातल्या मोजक्या ओळींपुरतं. 'वेरूळचं कैलास लेणं कोणाच्या काळात कोरलं गेलं?' या प्रश्नाला 'कृष्ण पहिला' असं उत्तर लिहिलं की एक गुण मिळतो आणि विषय संपतो.

आपल्या मनातला महाराष्ट्राचा इतिहास कसा चालतो पाहा. सातवाहन होतात, वाकाटक होतात, मग एकदम देवगिरीचे यादव येतात, त्यांच्यामागून अल्लाउद्दीन खिलजी आणि मग थेट शिवकाल. मधल्या पाच-सहाशे वर्षांत या भूमीवर कोण राज्य करत होतं, लोक काय खात होते, कुठल्या देवाला काय वाहत होते, हे विचारलं तर भले भले शिकलेले लोक गप्प होतात. नेमकी हीच वर्षं कनिसेट्टींनी धरली आहेत. सहाव्या शतकात बदामीच्या खडकावर किल्ला बांधणाऱ्या चालुक्य राजा पहिल्या पुलकेशीपासून ते बाराव्या शतकातल्या कल्याणीच्या चालुक्यांपर्यंत, आणि त्यांच्याशी पिढ्यानपिढ्या झुंजणाऱ्या चोळांपर्यंत हा पट जातो. पुस्तक २०२२ मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला.

पुस्तकाकडे वळण्याआधी माझी कसोटी सांगते, कारण पुढच्या सगळ्या पुस्तकांना मी तीच लावली आहे. मराठी घरात इतिहास येतो तो कादंबरीतून, नाटकातून, व्याख्यानमालेतून आणि हल्ली मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरातून. कादंबरीबद्दल माझी तक्रार नाही. माझ्यासारख्या कितीतरी जणींना वाचनाची गोडी ऐतिहासिक कादंबरीनेच लावली. पण वर्गात एखादा प्रसंग रंगवून सांगितला की मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "बाई, हे कशावरून?" मला हा प्रश्न विचारणारी मुलं फार आवडतात. सर्वसामान्य वाचकासाठी लिहिलेल्या इतिहासाने या प्रश्नासाठी जागा ठेवली पाहिजे. गोष्ट रंगली पाहिजे, आणि ती गोष्ट कुठल्या दगडावरून, कुठल्या ताम्रपटावरून, कुणाच्या प्रवासवर्णनावरून उभी राहिली तेही वाचकाला दिसलं पाहिजे. लेखक वाचकाला किती मान देतो, ते मी यावरून ओळखते.

'लॉर्ड्स ऑफ द डेक्कन' या कसोटीला बऱ्याच अंशी उतरतं. ऐहोळेच्या मेगुती जैन मंदिरावर रविकीर्ती नावाच्या कवीने इ.स. ६३४च्या सुमारास दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती कोरली. हा कवी स्वतःला कालिदास आणि भारवीच्या पंगतीला बसवतो, इतका त्याला आपल्या कवितेचा अभिमान. याच प्रशस्तीत पुलकेशी ९९,००० गावं असलेल्या तीन 'महाराष्ट्रकां'चा अधिपती झाला असा उल्लेख आहे. आपल्या प्रदेशाच्या नावाचा इतका जुना, कोरीव पुरावा आज कर्नाटकातल्या एका टेकडीवर उभा आहे, ही गोष्ट सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मुलांना सांगायला हवी. त्याच काळात चिनी भिक्षू ह्युएनत्संग इथून गेला. इथले लोक ताठ मानेचे, उपकाराची जाण ठेवणारे आणि अपमानाचा सूड घेतल्याशिवाय न राहणारे असल्याचं त्याने लिहून ठेवलं. लढाईआधी हत्तींना दारू पाजत, हेही त्यानेच नोंदवलं. प्रशस्ती म्हणजे दरबारी कवीची स्तुती आणि ह्युएनत्संग म्हणजे परका पाहुणा. हे दोन साक्षीदार शेजारी उभे केले की राजा माणूस म्हणून दिसायला लागतो, आणि कनिसेट्टींना हे जमतं.

मला सगळ्यात भावलेला भाग कांचीचा. इ.स. ६४२ मध्ये कांचीच्या पल्लवांनी चालुक्यांची राजधानी बदामी जिंकली, लुटली आणि बदामीच्याच खडकावर आपल्या विजयाचा लेख कोरला. पुढे शंभरेक वर्षांनी चालुक्य दुसरा विक्रमादित्य पल्लवांची कांची जिंकून आत शिरतो. सगळ्यांना वाटणार, आता सूड. पण तो तिथल्या कैलासनाथ मंदिरातलं सोनं-नाणं देवाला परत देतो, आणि तसा लेख कन्नडमध्ये, त्याच मंदिराच्या खांबावर कोरून ठेवतो. तमिळ मुलखातल्या पल्लवांच्या मंदिरात कन्नड लेख! इकडे त्याच्या राण्या, लोकमहादेवी आणि त्रैलोक्यमहादेवी या दोघी बहिणी, या विजयाच्या स्मरणार्थ पट्टदकलला मंदिरं उभारतात. त्यांतलं एक आज विरूपाक्ष म्हणून आपण सहलीला जाऊन बघतो. त्याच्या स्थपतींची, गुंड आणि सर्वसिद्धी आचारी यांची, नावंसुद्धा तिथे कोरलेली आहेत. हा भाग मी नववीच्या मुलांना वाचून, मराठीत सांगून दाखवला. एका मुलीने विचारलं, "म्हणजे त्याने दया केली का बाई?" कनिसेट्टींचं उत्तर दयेच्या पलीकडचं आहे. मंदिर बांधणं, देवाला दान देणं, लुटलेलं परत करणं या सगळ्या राजकारणातल्या कृती होत्या. आपण खरे सार्वभौम आहोत हे जगाला दाखवण्याची ती भाषा होती. मुलांना हे पटकन समजतं, मोठ्यांना समजावून सांगावं लागतं.

राष्ट्रकूटांवर आल्यावर तर माझा हात पुस्तक सोडेना. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लजजवळच्या सामानगडाशी ज्या ताम्रपटाचं नाव जोडलेलं आहे, तो राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा, इ.स. ७५४च्या सुमाराचा. चालुक्यांना हटवून राष्ट्रकूट मोठे झाले ते त्याच सुमारास. वेरूळचं कैलास ज्याच्या काळात झालं तो पहिला कृष्ण या दंतिदुर्गाचा चुलता. कैलास बघून देवसुद्धा चकित झाले, आणि ते घडवणारा शिल्पी स्वतःच म्हणाला की हे माझ्या हातून कसं झालं कोण जाणे, अशा अर्थाचं वर्णन बडोद्याच्या इ.स. ८१२च्या ताम्रपटात आहे. वेरूळला मी शाळेच्या सहली नेते. गाइड परग्रहवासीयांपासून सगळं काही सांगतात, पण त्या शिल्प्याचं हे वाक्य सांगणारा मला अजून भेटलेला नाही. बाराशे वर्षांपूर्वी कोणीतरी तांब्याच्या पत्र्यावर लिहून ठेवलंय की हे माणसाने केलं आणि करणाराच थक्क झाला. याहून सुंदर गोष्ट परग्रहवाल्यांकडे काय असणार?

अमोघवर्षाचं तसंच. इ.स. ८१४ ते ८७८, चौसष्ट वर्षं राज्य केलेला हा राजा. मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड, ही त्याची राजधानी. कन्नडमधला आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना काव्यशास्त्राचा ग्रंथ 'कविराजमार्ग' त्याच्या दरबारातला. महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला तोही त्याच्याच राज्यात. राज्यावरचं संकट टळावं म्हणून त्याने आपलं बोट महालक्ष्मीला अर्पण केलं, असं आजच्या गुजरातेतल्या संजानचा ताम्रपट सांगतो. ही महालक्ष्मी कोल्हापूरची असं बरेच अभ्यासक मानतात. अरब प्रवासी त्याच्या घराण्याला 'बलहरा' म्हणत आणि या राजाला जगातल्या चार मोठ्या राजांत गणत.

याच घराण्याच्या पदरी संजानच्या प्रदेशावर एक मुसलमान अधिकारी होता, हे किती जणांना माहीत आहे? पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेल्या इ.स. ९२६च्या ताम्रपटात त्याचं नाव 'मधुमती' असं संस्कृत वळणाने येतं, मूळ नाव मुहम्मद असावं. तो 'ताजिक', म्हणजे अरब. त्याने नदी ओलांडायला लोकांसाठी फुकट होडी सुरू केली आणि एक अन्नछत्र उघडलं, जिथे साळीचा भात, कालवण आणि तूप मोफत मिळे. त्याच्याच अमदानीत तिथे देवीचा मठ उभा राहिला आणि त्याला गाव इनाम मिळालं. आज कुठल्याही बाजूचा माणूस इतिहासावर तावातावाने बोलायला लागला की मला ती होडी आणि तो तूप-भात आठवतो. त्या ताम्रपटात आजच्या कुठल्याच घोषणेला सोयीचं असं काही नाही. समुद्रकाठच्या बंदरावर राज्य चालवायचं तर अरब व्यापारी, ब्राह्मण, देवीचे भक्त, नाखवे सगळे लागत, एवढं त्यातून कळतं आणि ते फार मोलाचं आहे.

आता तक्रारी. पहिली मोठी तक्रार माझ्या कसोटीचीच. एखादा विधी, दरबार किंवा रणांगण रंगवताना कनिसेट्टी कल्पनेचा हात धरतात. त्याला माझी हरकत नाही, पण 'असं झालं असावं' आणि 'असं झालं' यांच्यातली रेघ काही ठिकाणी पुसट होते. मागच्या टिपा उघडल्या की आधार सापडतो, पण दहावीचा मुलगा किंवा संध्याकाळी दमून वाचणारा वाचक दर परिच्छेदाला मागची पानं उलटत बसणार नाही. त्या वाक्यातच एक 'बहुधा' घातला असता तर गोष्टीचा रंग उतरला नसता.

दुसरी तक्रार नावांची. चालुक्यांत विक्रमादित्य सहा, राष्ट्रकूटांत गोविंद, कृष्ण, इंद्र, कर्क पुन्हा पुन्हा येतात, त्यात पल्लव आणि चोळ मिसळतात. मी वहीच्या मागच्या पानावर वंशावळ काढून ठेवली आणि वाचताना ती शेजारी उघडी ठेवली. तुम्हीही तसं करा, वाचन सोपं होतं. लढायांची मालिका मधल्या प्रकरणांत थकवते, हेही खरं. आणि तिसरी तक्रार निव्वळ मराठवाड्याची आहे. कंधारबद्दल मला हवं होतं तितकं मिळालं नाही. नांदेड जिल्ह्यातलं कंधार राष्ट्रकूटांचं महत्त्वाचं नगर. तिथला जगत्तुंग सागर तलाव, तिथल्या प्रचंड क्षेत्रपालाच्या मूर्तीचे तुटके अवशेष, यांना एखादं प्रकरण नाही तरी चार पानं द्यायला हवी होती. कर्नाटकातल्या स्थळांवर लेखक जसा रमतो, तसा गोदावरीच्या खोऱ्यात रमत नाही.

एक मात्र सांगायला हवं. या विषयावर आपल्याकडे ज्ञान नव्हतं असं नाही. कोल्हापूरकडच्या मातीतल्या अ. स. आळतेकरांनी राष्ट्रकूटांवरचा पायाभूत ग्रंथ १९३४ मध्येच लिहिला, तोही इंग्रजीत. त्याआधी १८८४ मध्ये रा. गो. भांडारकरांनी दख्खनचा प्राचीन इतिहास मांडला होता. वा. वि. मिराशींनी कोरीव लेखांवर आयुष्य घातलं. हे सगळं ग्रंथालयांत आहे, पण ते अभ्यासकांसाठी लिहिलेलं. त्या ज्ञानाची वाट सर्वसामान्य वाचकाच्या घरापर्यंत आणण्याचं काम कनिसेट्टींनी केलं.

त्यांचं पुढचं पुस्तक 'लॉर्ड्स ऑफ अर्थ अँड सी' २०२५च्या सुरुवातीला आलं. ते चोळांवर आहे. इथे त्यांची लेखणी जास्त स्थिरावलेली वाटते. राजांच्या जोडीला सेंबियन महादेवीसारखी राणी, जिने कावेरीच्या खोऱ्यात दगडी मंदिरांची रांग उभी केली आणि नटराजाला मोठं केलं, ती ठसठशीत उभी राहते. देवळांच्या भिंतींवर कोरलेल्या दानलेखांतून शेतकरी, व्यापारी, देवळात राबणाऱ्या बायका डोकावतात. राजेंद्र चोळाने १०२५च्या सुमारास श्रीविजय या आग्नेय आशियातल्या सागरी राज्यावर जी स्वारी केली, तिच्यामागे व्यापाऱ्यांचं जाळं कसं होतं, हा भाग वाचण्याजोगा आहे. पहिल्या पुस्तकात दमलेल्या वाचकाने हे आधी घेतलं तरी चालेल. मराठी वाचकाला एक धागा इथे नक्की सापडेल. राजराजाने इ.स. १०१० मध्ये पूर्ण केलेल्या तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये सरफोजी राजांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. एका देवळावर आठ शतकांच्या अंतराने दोन भाषा दगडात बसल्या आहेत. तंजावरच्याच संग्रहालयात एक द्वारपाल आहे. राजाधिराज चोळाने कल्याणी जाळून तो तिकडे नेला, असं त्याच्यावरच कोरलेलं आहे. कल्याणी म्हणजे आपल्या उदगीरच्या पलीकडचं बसवकल्याण. इथून ती मूर्ती कुठवर गेली!

विल्यम डालरिंपल यांचं 'द गोल्डन रोड' २०२४ मध्ये आलं आणि विमानतळापासून पुस्तकांच्या दुकानापर्यंत सगळीकडे दिसायला लागलं. लिहिण्यात या माणसाचा हात धरणारे थोडे. मौर्यकाळापासून बाराव्या शतकापर्यंत भारतातून धर्म, कला, गणित, खगोलविद्या बाहेर कसे गेले, हे ते सांगतात. वाचक अजिंठ्याहून नालंदाला, नालंदाहून चीनच्या सम्राज्ञी वू झेत्यानच्या दरबारात, तिथून अंगकोरला आणि मग बगदादला पोचतो. बगदादचं प्रकरण मला सगळ्यात आवडलं. आजच्या अफगाणिस्तानातल्या बाल्ख इथल्या बौद्ध विहाराचे वंशपरंपरागत प्रमुख असलेलं बरमकी घराणं पुढे अब्बासी खलिफांचे वजीर होतं, आणि भारतीय खगोलगणित अरबीत जाण्यात त्या काळाचा मोठा वाटा असतो. तिथून आपले अंक भूमध्य समुद्राकाठी पोचतात, आणि १२०२ मध्ये पिसाचा फिबोनाची ते युरोपला शिकवतो. आमच्या गणिताच्या सरांना मी हे प्रकरण वाचायला दिलं. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी शून्याचा तास त्यावरच घेतला.

समुद्री व्यापाराचं प्रकरण मी वाचलं ते तेर डोळ्यांसमोर ठेवून. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशाच्या वाटाड्या पुस्तकात लिहिलंय की भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठं शहर. तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. भोकरदनच्या उत्खननातही तशीच सापडली. आणि तशाच घडणीची एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीत, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत मिळाली. म्हणजे इ.स. ७९च्या आधी आपल्याकडच्या कुण्या कारागिराच्या हातची कला रोमन माणसाच्या घरात पोचली होती. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर यवनांच्या दानाचे लेख आहेत, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती सापडली. आपल्या मुलांना हे पुस्तक द्यायचं तर सोबत तेरची एक सहल काढा. दीडेक तासाच्या बस प्रवासात पाँपेईचं दुसरं टोक हाताशी येतं.

माझी कसोटी इथे मात्र थोडी कडक लावावी लागली. डालरिंपल इतकं ओघवतं लिहितात की 'हे कशावरून?' विचारायचं भान राहत नाही. रोमच्या तिजोरीतला सुमारे तिसरा हिस्सा भारताशी होणाऱ्या व्यापारावरच्या जकातीतून येई, हा अंदाज ते देतात. हा आकडा थोडक्या कागदांवरून बांधलेला आहे. त्यातला मुख्य कागद म्हणजे व्हिएन्नात असलेला, केरळच्या किनाऱ्यावरच्या मुझिरिस या जुन्या बंदरातून निघालेल्या 'हर्मापोलोन' जहाजाच्या मालाचा पपायरस. एका जहाजाच्या हिशोबावरून सगळ्या साम्राज्याचा जमाखर्च काढायचा तर वाचकाला त्यातला धोका नीट सांगायला हवा. हेच आकडे मग मोबाइलवर सुटे होऊन फिरतात आणि मुलं ते निबंधात लिहितात. शिवाय सगळा प्रवाह भारतातून बाहेर वाहताना दिसतो. बाहेरून आपण काय घेतलं, आग्नेय आशियातल्या लोकांनी आपल्याकडचं काय निवडलं आणि काय नाकारलं, याला जागा कमी आहे. अभिमानाने वाचावं असं हे पुस्तक आहे, पण अभिमान वाटला की वाचक प्रश्न विचारणं सोडतो, म्हणून शिक्षकाने ते सोबत बसून वाचून घ्यावं.

मनू पिल्लई यांचं 'गॉड्स, गन्स अँड मिशनरीज' हेही २०२४चंच. पिल्लई पुण्यात वाढलेले, आणि महाराष्ट्राचा भाग ते घरचा माणूस लिहितो तसा लिहितात. आजची हिंदू ओळख कशी घडत गेली, तिच्यात पोर्तुगीज पाद्री, कंपनीचे साहेब, मिशनरी आणि त्यांना उत्तरं देणारे आपले लोक यांचा वाटा काय, हा विषय. विषय आगीशी खेळण्याचा, पण पिल्लई शांतपणे चालतात. सुरुवातीलाच जयपूरचे महाराज माधोसिंह येतात, जे १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी लंडनला जाताना प्रचंड चांदीच्या घागरींत गंगाजल भरून नेतात. पुढे गोवा, तंजावरचे सरफोजी, ज्यांच्यावर श्वार्त्झ या मिशनऱ्याची छाया होती तरी जे शेवटपर्यंत निष्ठावान हिंदू राजे राहिले, आणि मग महात्मा फुले, लोकमान्य टिळक. फुले मिशनऱ्यांच्या शाळेत शिकले, त्यांचे युक्तिवाद वापरले, पण १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि सत्यशोधक समाज काढला तो आपल्या अटींवर. मिशनऱ्यांनी दिलेली हत्यारं आपल्या लोकांनी आपापल्या लढाईसाठी कशी वळवली, हा या पुस्तकाचा गाभा मला फार पटला.

'हे कशावरून?' या प्रश्नाला या सगळ्या पुस्तकांत पिल्लईंकडे सर्वांत भक्कम उत्तर आहे. मागच्या टिपांचं म्हणून एक वेगळं पुस्तक होईल. कित्येक टिपांत मूळ मजकुराइतक्याच सुरस गोष्टी दडल्या आहेत. त्या वगळू नका. अडचण एवढीच की वाक्यं लांब, नावं भरपूर आणि इंग्रजी कठीण. बारावीच्या पुढच्या मुलांना द्यावं, त्याआधी नको. ज्यांना पिल्लईंची ओळख करून घ्यायची आहे त्यांनी त्यांचं २०१८चं 'रिबेल सुलतान्स' आधी घ्यावं. बहामनी, दुसरा इब्राहिम आदिलशहा, चांदबिबी, खडकी वसवणारा मलिक अंबर, सगळे त्यात भेटतात आणि वाचन सपासप होतं. 'लॉर्ड्स ऑफ द डेक्कन' संपतं तिथून हे काही काळाने सुरू होतं आणि शिवाजी महाराजांपर्यंत आणून सोडतं, म्हणून ही जोडी शाळेसाठी उत्तम.

आता मनातली खरी खंत. मी ही सगळी पुस्तकं इंग्रजीत वाचली. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं अजून तेवढं इंग्रजी वाचू शकत नाहीत, म्हणून मराठी अनुवादांकडे मी आशेने बघते. मध्यंतरी अशाच एका गाजलेल्या इतिहासाच्या पुस्तकाचा मराठी अनुवाद शाळेसाठी घेतला. भाषा वाचनीय होती, मुखपृष्ठ देखणं होतं. शेवटचं पान उलटलं तर टिपा नाहीत, संदर्भ नाहीत, नामसूची नाही. नकाशे इतके धुरकट की गावांची नावं वाचता येईनात. इंग्रजीत वाचणाऱ्याला पुरावा मिळतो आणि मराठीत वाचणाऱ्याला नुसती गोष्ट, हा भेद मला अपमानासारखा वाटतो. मराठी वाचकाला टिपा नको असतात, हे कुणी ठरवलं? शिवकालीन पत्रांच्या तारखांवरून मासिकांतून वर्षानुवर्षं वाद घालणारा हा वाचक आहे! पन्नास पानं वाढली तर किंमत थोडी वाढेल. वाढू द्या. आमच्या शाळेने आणि गावातल्या वाचनालयाने ती आनंदाने दिली असती.

प्रकाशकांना माझी एक साधी विनंती आहे. मराठी अनुवाद काढताना स्थळांची नावं स्थानिक रूपात द्या, इंग्रजी स्पेलिंगवरून उलटं वाचून नका देऊ. ताम्रपटांच्या शक आणि इसवी अशी दोन्ही सालं द्या. आणि आपल्या जिल्ह्यांतली स्थळं दाखवणारा एक चांगला नकाशा टाका, ज्यात मळखेड, कंधार, वेरूळ, सामानगड, चिंचणी, बसवकल्याण एका नजरेत दिसतील.

कुणी विचारलं की पहिलं कुठलं घेऊ, तर घरात नववी-दहावीचं मूल असेल आणि इंग्रजी बरं असेल तर 'रिबेल सुलतान्स'. स्वतःसाठी, निवांत वाचायला, 'लॉर्ड्स ऑफ द डेक्कन', वंशावळीच्या कागदासकट. प्रवासात किंवा भेट द्यायला 'द गोल्डन रोड'. वाद घालायची आवड असलेल्या मित्रासाठी 'गॉड्स, गन्स अँड मिशनरीज'. ई-पुस्तक वाचणार असाल तर पिल्लईंचं तसंच घ्या, कारण टीपेच्या आकड्यावर बोट ठेवलं की टीप उघडते आणि परत जागेवर येता येतं. छापील प्रतीत दोन खुणेच्या पट्ट्या लागतात, एक मजकुरात आणि एक मागे टिपांत.